बिनकातड्याचा ढोल

केरूनानांना कुठलीही वस्तू नुसती बघून पटायची नाही. उजव्या हाताचं मधलं बोट वाकवून तिच्यावर दोनदा टकटक केल्याशिवाय ती तिथे आहे यावर त्यांचा विश्वासच बसत नसे. मोहोपाड्याच्या बाजारात भोपळा घेताना टकटक, कँटीनमध्ये नवं टेबल आलं की टकटक, मोठ्या साहेबांची नवी मोटार दारात उभी राहिली तर तिच्या पत्र्यावरही टकटक. एकदा मी हेल्मेट घालून पाइपाखाली वाकलो होतो, तर मागून येऊन माझ्या डोक्यावर टकटक केलं आणि म्हणाले, "भरल्यालं हाय मिस्तरी. काळजी नको."

आमची ओळख झाली तीसुद्धा अशा टकटकीतूनच, आणि त्या दिवशी ती मला मुळीच आवडली नव्हती. रसायनीच्या एका कारखान्यात मी इन्स्ट्रुमेंट मेकॅनिक म्हणून नवा लागलो होतो. टाक्यांवर, पाइपांवर मोजमापाची घड्याळं बसवायची आणि बिघडली की दुरुस्त करायची, हे माझं काम. नव्या नोकरीत माणूस जरा ताठ असतो, तसा मी होतो. एका टाकीवर मी द्रवाची पातळी दाखवणारं नवं घड्याळ बसवलं. काटा अर्ध्याच्या बराच वर गेला. मी खूश होऊन फडक्याने हात पुसत होतो, तेवढ्यात पिंपांच्या यार्डातला एक काळासावळा, सडपातळ, पन्नाशीचा माणूस आला. टाकीला खालपासून वर टकटक करत गेला, एका जागी थांबला आणि खिशातल्या खडूने तिथे रेघ ओढली. माझ्या काट्यापेक्षा ती रेघ हातभर खाली होती.

"तुमचं घड्याळ खोटं बोलतंय," तो म्हणाला. "पानी हितं हाय बगा."

पाणी म्हणजे आतलं रसायन. मला राग आला. मी वर चढून टाकीत पट्टी सोडली आणि बाहेर काढून बघितली. ओल बरोबर खडूच्या रेघेपाशी संपत होती. एक स्क्रू मी उलटा पिळला होता. मी खाली उतरलो तेव्हा माझा चेहरा पडला असणार, कारण त्यांनी आधी रेघ पुसून टाकली आणि मग हळूच सांगितलं, "तुमी नीट करा. मी कुनाला सांगत नाय." आणि खरंच कुणाला सांगितलं नाही. पुढे आठ वर्षं आम्ही एकत्र काम केलं, पण ती गोष्ट त्यांनी थट्टेतसुद्धा काढली नाही. दुसऱ्याची चूक पोटात ठेवायला जागा लागते. ती केरूनानांकडे होती.

केरू गायकवाड त्यांचं नाव. पाताळगंगेच्या काठच्या एका गावातून सायकलवर कामाला यायचे. बायको वारून बरीच वर्षं झाली होती. एकच मुलगी, कमल, ती लग्न होऊन अंबरनाथला. बौद्धवाड्यातल्या दोन खोल्यांत हा माणूस एकटा राहायचा. मीही एकटाच होतो. आईला अर्धांगवायू झाल्यामुळे माझी बायको कराडला अडकलेली आणि मी इकडे कॉलनीतल्या खोलीत स्टोव्हवर भात शिजवत बसलेला. दोन एकटी माणसं एकमेकांना फार बोलायला लावत नाहीत. दुपारच्या सुट्टीत मी यार्डात जायचो, ते पालथ्या पिंपावर बसून भाकरी खायचे, मी दुसऱ्या पिंपावर. जेवण झालं की त्यांची बोटं पिंपावर चालायला लागायची.

ती बोटं ऐकण्यासारखी होती. लहानपणी मी चार महिने तबला शिकलो होतो, तेवढ्यावरून मला इतकं कळत होतं की हा नुसता चाळा नाही. एके दिवशी मी विचारलं, नाना तुम्ही वाजवता का? नाही म्हणाले. कधी शिकलात का? नाही. मी पुन्हा काही विचारलं नाही. दोनतीन आठवडे गेले असतील. भाकरीचं फडकं घडी करता करता ते आपणहून म्हणाले, "वाजवत व्हतो."

आणि मग त्यांनी सांगितलं. त्यांच्या घरात ढोल होता. एका बाजूला काठी आणि दुसऱ्या बाजूला हाताची थाप, असा मोठा ढोल. तो वाजवणं ही हौस नव्हती, गावकी होती. वरच्या आळीत लग्न निघालं की तिकडून नारळ-सुपारी यायची आणि ती आली की निघायचं. अंगात ताप असो, घरात मयत असो. वरातीपुढे दिवसभर वाजवायचं, मांडवाच्या बाहेर बसायचं आणि सगळ्यांची जेवणं झाल्यावर पत्रावळीवर पडेल ते खायचं. केरूनानांचा हात वडलांपेक्षाही चांगला होता असं म्हणत. पुढे छप्पन साली धम्म घेतला. दुसऱ्या वर्षी एका सकाळी वडलांनी ढोल खांद्यावर घेतला, विशीतल्या केरूला बरोबर घेतलं आणि पाताळगंगेवर जाऊन तो पाण्यात सोडला.

"बुडंना तो," नाना म्हणाले. "लाकडाचा ना. तरंगत गेला. बानं पाठ केली व्हती. मी वळणापर्यंत बघत बसलो."

वडील तेव्हा एवढंच म्हणाले होते, की बोलावलं की जायचं हे आजपासून संपलं, ह्या हातांनी परत कातडं वाजवायचं नाही. केरूनानांनी तीस वर्षं ते पाळलं. गायन पार्टीत ढोलकी समोर आली तरी मागे सरकायचे. "बाचं खरंच व्हतं," ते म्हणाले. "त्यात एका अक्षराची चूक नाय. पर मिस्तरी, हाताला कोन सांगनार?"

ते ऐकून मला त्यांचं फार वाईट वाटलं, हे सरळच सांगतो. आणि वाईट वाटलं की काहीतरी दुरुस्त करायला घ्यायचं, ही माझी जुनी खोड.

त्या सुमारास आमच्या कॉलनीतल्या एकाचा मेव्हणा दुबईहून आला होता. त्याने आणलेला छोटा कीबोर्ड मी विकत घेतला. हातभर लांबीचा, खेळण्यासारखा. पण त्यात एक गंमत होती. त्याला लहानसा माइक होता. बटण दाबून माइकपुढे काहीही आवाज केला की दीडेक सेकंदाचा तो आवाज यंत्र आत धरून ठेवायचं आणि मग बोट दाबाल तेव्हा परत द्यायचं. असे चार आवाज मावत. कॉलनीतल्या पोरांनी त्यात शिंका, कुत्री आणि शेजारच्या बाईंची हाक भरली, आणि मग मला ती कल्पना सुचली.

मी प्लायवुडच्या चार गोल चकत्या कापल्या. प्रत्येकीवर बझरमधली पातळ पितळी तबकडी बसवली. तिच्यावर आपटलं की तिच्यातून बारीकशी वीज निघते. वरून ट्रकच्या ट्यूबचं रबर चिकटवलं. चारही चकत्यांच्या वायरी एका डब्यात आणल्या आणि डब्यातून कीबोर्डच्या चार बटणांना जोडल्या. म्हणजे चकतीवर थाप मारली की यंत्राला वाटणार बटण दाबलं. महिनाभर संध्याकाळी हाच उद्योग. सगळं घेऊन एका रविवारी नानांच्या घरी गेलो आणि त्यांच्यापुढे मांडलं.

त्यांनी आधी टकटक केलं. मग रबर वास घेऊन पाहिलं. "ही गाडीची ट्यूब ना?" मी हो म्हणालो. "ह्यात कातडं कुटंच नाय?" मी म्हणालो, कुठेच नाही. त्यांनी चकत्या उलटून खालूनही बघितल्या. "मंग चालंल," असं म्हणून त्यांनी थाप मारली आणि यंत्रातून कुत्रं भुंकलं. पोरांनी भरलेला आवाज पुसायचा राहिला होता. आम्ही दोघं इतके हसलो की शेजारच्या शेवंताआत्या दारात येऊन उभ्या राहिल्या.

यंत्रात विलायती ढोलांचे आवाजही होते. ते ऐकून नाना म्हणाले, हे कुणाचं तरी घर आहे, पण आपलं नाही. मग ठरलं, की खरा ढोल शोधायचा, तो दुसऱ्याने वाजवायचा आणि त्याची थाप आपण धरून आणायची.

कशेळ्याच्या पलीकडे डोंगरातल्या एका ठाकरवाडीवर जुना ढोल आहे असं कुणीतरी सांगितलं. कर्जतहून एसटीने कशेळ्यापर्यंत गेलो आणि पुढे पायी चढलो. ढोलाचे मालक एक म्हातारे गृहस्थ होते. त्यांचं बोलणं मला निम्मंच कळत होतं. कशासाठी आलो ते नानांनी समजावल्यावर त्यांनी आढ्याला टांगलेला ढोल खाली काढला. नाना त्याच्यापासून दोन हात लांब बसले आणि आपले दोन्ही हात पाठीमागे धरून ठेवले. एकदाही पुढे आणले नाहीत. कशी थाप हवी ते दाखवायचं झालं की माझा जेवणाचा डबा मागून घ्यायचे आणि त्यावर दाखवायचे. थोडं कडेला. अजून थोडं. तळवा सोडा, बोटं टेकवू नका. आता आवाज सुटला की लगेच हात उचला.

काठीचा आवाज लवकर मिळाला, कडेच्या लाकडाचाही मिळाला, दाबून मारलेली थापही मिळाली. चौथा, मोकळ्या हाताचा, काही केल्या मिळेना. दुपार कलली. म्हाताऱ्याचा तळवा लाल झाला. ते मला काहीतरी म्हणाले आणि दारात जमलेल्या बायका हसल्या. नानांनी अर्थ सांगितला, की तुमच्या ह्या सोबत्याच्या पोटात दुसराच ढोल आहे, तो आधी बाहेर काढा. मी कंटाळून बटण दाबायचं म्हणून दाबत होतो. आणि मग एक थाप अशी पडली की नानांनी झटकन हात वर केला. मी आवाज परत वाजवून दाखवला. नाना भिंतीकडे तोंड करून बसले.

"हाच," ते म्हणाले. "नदीत गेलेला."

तीस वर्षं एक आवाज कानात जसाच्या तसा ठेवायचा आणि कुणाला सांगायचंही नाही, हे मला आजही समजत नाही. आम्ही उतरून कशेळ्याला येईपर्यंत त्यांनी यंत्र लहान मूल घ्यावं तसं छातीशी धरून आणलं.

आवाज मिळाला, पण काम संपलं नव्हतं. माझ्या डब्यातली जोडणी मंद होती. हात पडल्यावर किंचित उशिराने आवाज यायचा. मला तो उशीर ऐकूही येत नव्हता, नाना मात्र हैराण व्हायचे. "थाप मोहोपाड्यात आन आवाज कशेळ्यात," असं म्हणायचे. मी भाग बदलत गेलो. प्रत्येक रविवारी ते निकाल द्यायचे. आवाज चौकात आला. आवाज दारात आला. शेवटी एका रविवारी दोनतीन थापा मारल्या आणि म्हणाले, "आला घरात."

दुसरी अडचण मला सोडवता आली नाही. यंत्राला हळू आणि जोरात यातला फरक कळत नव्हता. बोट टेकवा की मूठ आपटा, आवाज तेवढाच. "ह्याला मानअपमान काय नाय," नाना म्हणाले. पण त्यांनीच त्यावर तोड काढली. जिथे हळू वाजवायचं तिथे ते वाजवायचेच नाहीत, तेवढी जागा रिकामी सोडायचे. ऐकणाऱ्याला ती हळू थाप ऐकू आल्यासारखी वाटायची. जोर देता येत नसेल तर जागा सोडावी, असं त्यांचं म्हणणं. पुढे माणसांशी वागताना हे मला अनेकदा उपयोगी पडलं आहे.

एक गोष्ट मी त्यांना पहिल्याच दिवशी बजावली होती. यंत्राला खालून पाच सेल होते. धरलेले आवाज त्या सेलांच्या जिवावर राहत. झाकण उघडून सेल काढले की आवाज कायमचे गेले. म्हणून सेल बदलायचे तर मीच, तेही दुसऱ्या वायरीने वीज चालू ठेवून. त्या झाकणाला नानांनी कधी बोट लावलं नाही. आवाज कॅसेटवर उतरवून ठेवावेत हे मला तेव्हा सुचलं नाही. शहाणपण नंतर येतं.

वर्षभर तरी तो सुखाचा काळ होता. पहिली पाळी संपली की नाना घरी जाऊन, हातपाय धुऊन, दार लोटून बसायचे. रविवारी मी जायचो, ते वाजवायचे, मी भिंतीला टेकून ऐकायचो. सायंकाळी कॉलनीत परतलो तरी माझी खोली रिकामी वाटायची नाही. पौर्णिमेला विहारात गायन पार्टी होती. तिथे वाजवा म्हणून मी मागे लागलो. आपल्या माणसांत, आपल्या मर्जीनं वाजवायला हरकत नाही, असा बराच विचार करून त्यांनी होकार दिला. सगळ्यांच्या मागे, भिंतीशी बसून वाजवलं. जुनी माणसं वळून वळून बघत होती. शेवंताआत्या कार्यक्रम संपल्यावर त्यांच्यापाशी आल्या आणि एवढंच म्हणाल्या, "केरू, तुझ्या बाचा हात रं." त्या रात्री माझी छाती फुगली होती. यंत्र मी केलं होतं ना.

नानांच्याच गावच्या वरच्या आळीतले एक गृहस्थ आमच्या कारखान्यात माझे फोरमन होते. भाऊसाहेब म्हणायचे त्यांना. माणूस बोलायला गोड, शिकलेला. विहारातल्या कार्यक्रमाची गोष्ट त्यांच्या कानावर गेली. एक दिवस माझ्या टेबलापाशी येऊन त्यांनी चहा मागवला. मुलीचं लग्न होतं. नानांना स्टेजवर बसवू, खुर्ची देऊ, माइकवर नाव घेऊ, असं ते म्हणाले. आणि पिशवीतून नारळ आणि सुपारी काढून माझ्या हातात दिली. नाना तुमचं ऐकतात, तुम्हीच द्या, असं म्हणाले. त्यांच्या मनात काही वाकडं होतं असं मला आजही म्हणवत नाही. ऑर्केस्ट्रावाल्यांनासुद्धा सुपारीच देतात. मी म्हणालो, नाना आलेच म्हणून समजा.

मला आधी सगळं सांगितलेलं होतं. नारळ-सुपारी कुठून यायची, ती आल्यावर काय व्हायचं, हे पिंपावर बसून भाकरी खाता खाता मी ऐकलं होतं. माझ्या स्वतःच्या गावातही वेशीपाशी वाजवणारी घरं होती आणि मी त्यांच्या पुढून शाळेत गेलो होतो. तरी ती सुपारी हातात घेताना मला काहीही आठवलं नाही. खुर्ची आणि माइक एवढंच डोळ्यांपुढे होतं.

रविवारी मी ट्यूबचं नवं रबर घेऊन गेलो. चांगलं जाड निवडून घेतलं होतं. जुनं खरवडून चारही चकत्यांवर नवं चिकटवलं. नाना म्हणाले, चांगलं होतं की, कशाला बदललंत? मी हसून म्हणालो, कार्यक्रम आहे. आणि पिशवीतून नारळ काढला, त्यावर सुपारी ठेवली आणि त्यांच्यापुढे सरकवली.

त्यांनी टकटक केलं नाही. नुसते बघत राहिले.

"कुनाकडनं?"

मी भाऊसाहेबांचं नाव सांगितलं. खुर्चीचं सांगितलं, माइकचं सांगितलं. बोलता बोलता माझाच आवाज मला पोकळ लागायला लागला आणि मी थांबलो. 

"बाला पन हेच यायचं," नाना म्हणाले. "नारळ, सुपारी. आननारा तेवढा येगळा असायचा."

 मी म्हणालो, नाना, मी परत देतो, नाही म्हणून सांगतो. त्यांनी विचारलं, तुम्ही काय कबूल केलंय? मी खाली मान घालून सांगितलं, की आलेच म्हणून समजा, असं म्हणालोय. भाऊसाहेब माझे वरिष्ठ होते, माझी कराडकडची बदली त्यांच्या सहीवर अडकली होती, हेही नानांना ठाऊक होतं. हे मी बोललो नाही. ते बोलायची गरजच नव्हती.

नानांनी यंत्र मांडीवर घेतलं. एकदाच, मोकळ्या हाताची ती थाप वाजवली. मग यंत्र पालथं केलं, झाकण उघडलं आणि पाचही सेल एकेक करून बाहेर काढले. फळीवर ओळीने उभे करून ठेवले. मी हात पुढे केला होता, पण कशासाठी ते मला सांगता येणार नाही. थांबवायला म्हणावं, तर थांबवलं नाही.

"आता वाजत नाय," ते म्हणाले. "तसंच सांगा त्यास्नी. यंत्र बिघडलं म्हनून. तुमाला खोटं बोलायला नको."

 मी म्हणालो, आपण परत वाडीवर जाऊ, परत आवाज धरू. त्यांनी मान हलवली. "एकदा बानं सोडला, एकदा मी. नदीतनं दोनदा काढत नाय कोन." मग उठून त्यांनी चहा टाकला. त्या चहाची चव मला अजून आठवते. साखर घालायची राहिली होती आणि दोघांपैकी कुणी ते बोललं नाही. निघताना कीबोर्ड त्यांनी माझ्या पिशवीत घातला. मी चकत्यांना हात लावला तर म्हणाले, "त्या राहू द्या. त्यात कुटं आवाज हाय?"

दुसऱ्या दिवशी मी भाऊसाहेबांना नारळ-सुपारी परत दिली आणि सांगितलं, की यंत्रातला आवाज गेला. ते अरेरे म्हणाले आणि कर्जतहून बँजो पार्टी ठरवली. लग्न झकास झालं म्हणे. कुणी कुणावर रागावलं नाही. माझ्या बदलीच्या कागदावर सहीही झाली.

नाना माझ्याशी पहिल्यासारखेच वागले, हे मला सर्वांत जड गेलं. दुपारी पिंपावर भाकरी, त्यानंतर बोटांचा चाळा. पुढच्या वर्षी ते रिटायर झाले आणि त्याच सुमारास मी बदली होऊन कराडकडे निघालो. मोहोपाड्याच्या एसटी स्टँडवर मला सोडायला आले होते. माझ्या ट्रंकेवर टकटक करून म्हणाले, "अजून जागा हाय. बायकोला लुगडं घ्या." गाडी सुटली तेव्हा ते स्टँडच्या खांबाला टेकून उभे होते. घरी जाऊन त्यांनी बोलायचं कुणाशी, हा विचार मला खोपोली येईपर्यंत सोडत नव्हता. पहिल्या वर्षी मी दोन कार्डं टाकली. नंतर आई गेली, मुलीची शाळा, संसार. कार्डं राहून गेली.

पुढे काही वर्षांनी कमलचं पत्र आलं. नाना गेले, फार दिवस पडून नव्हते, तुमची एक वस्तू आहे ती न्यायला या. मी गेलो तेव्हा महिना उलटून गेला होता. घराला कुलूप लावायचं म्हणून कमल आवराआवर करायला आली होती आणि शेवंताआत्या उंबऱ्यात बसल्या होत्या. कमलने घोंगडीत गुंडाळलेलं गाठोडं माझ्यापुढे ठेवलं. आत चार चकत्या, वायरींची नीट गुंडाळी आणि एका पुडीत पाच सेल. सेल केव्हाच गळून हिरवे झाले होते.

शेवंताआत्या म्हणाल्या, "रोज दुपारी बसायचा त्यावर. काय वाजत नव्हतं, पर हात चालायचा. मी एकदा इचारलं, केरू, तुला काय आयकू येतं का? तर म्हनाला, मला येतं."

मी चकत्या उजेडात नेल्या. नारळ नेला त्या रविवारी जाड ट्यूब निवडून रबर मीच चिकटवलं होतं. तीन चकत्यांवर खळगे पडले होते. चौथीवर, मोकळ्या हाताच्या थापेच्या चकतीवर, रबर मधोमध झिजून पार गेलं होतं आणि खालची पितळी तबकडी घासून घासून लख्ख झाली होती.

कमलने विचारलं, "काका, अजून वाजतो का हा ढोल?"

वायरी न जोडताच मी हो म्हणालो. नानांनी एकदा माझ्यावर खोटं बोलायची वेळ येऊ दिली नव्हती, आणि त्या दुपारीही मी खोटं बोललो असं मला वाटलं नाही.